पाणबुडीच्या कामावर सरकारी देखरेख असते तेव्हा या चुका टाळा

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या नव्या एमआयडीसीत एका शॉपवर, म्हणजे पार्ट बनवणाऱ्या वर्कशॉपवर, गेलो होतो. मालक तिशीतला पोरगा, हातात पहिलीच ऑर्डर, पाणबुडीच्या समुद्री पाण्याच्या लाइनला लागणारे फ्लॅंज, म्हणजे पाइप जोडायच्या धातूच्या कड्या. चहा यायच्या आधीच त्यानं विचारलं, "काका, इन्स्पेक्शनवाले फार अडवतात म्हणे, लवकर सुटायचं कसं तेवढं सांगा." हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलोय. २८ वर्षं तपासणीच्या बाजूला काढली, रिटायर होऊन गावी आलो, आता ओळखीची पोरं बोलावतात म्हणून शॉपवर जातो, आणि तिथं त्याच त्या चुका बघून जीव तुटतो. म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय.

पाणबुडीवर सरकारची नजर किती थरांतून असते ते बहुतेकांना माहीत नसतं. डिझाइन बघणारे नौदलाचे लोक वेगळे, यार्डात बसून बांधणीवर लक्ष ठेवणारी ओव्हरसीइंग टीम वेगळी, माल आणि पार्ट तपासणारे डीजीक्यूएचे, म्हणजे संरक्षण खात्याच्या दर्जा तपासणी विभागाचे, लोक वेगळे, पैसा आणि वेळापत्रक बघायला संरक्षण मंत्रालय, त्यावर कॅग, त्यावर संसदेची समिती. हे सगळे एकमेकांच्या कागदावर विसंबून असतात. आणि त्या साखळीची सगळ्यात खालची कडी म्हणजे तुमच्या लेथवर उभा असलेला पोरगा. तो पार्टवर जे पंच करतो म्हणजे ठोकून उमटवतो, वहीत जे लिहितो, तेच खरं धरून वरचे सगळे निर्णय होतात. हे एकदा समजलं की "अडवतात" हा शब्द तोंडातून निघत नाही.

बार आधी कापायचा आणि हीट नंबर मग आठवायचा

ही माझी सगळ्यात जुनी तक्रार आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

भट्टीतून एका वेळी जेवढा धातू ओतला जातो त्याला एक नंबर मिळतो, तो हीट नंबर. त्या हीटचं केमिकल काय, ताकद किती, सगळं टेस्ट सर्टिफिकेटवर त्या नंबराखाली लिहिलेलं असतं. बारच्या टोकाला नंबर पंच केलेला असतो. तुम्ही बारचा तुकडा कापला की नंबर एका तुकड्यावर राहतो आणि बाकीचे तुकडे निनावी होतात. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर नंबर उतरवून घ्यायचा, आणि सरकारी कामात बहुतेक वेळा तो इन्स्पेक्टरसमोर उतरवायचा. एवढाच नियम आहे. दहा मिनिटांचं काम.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातलं एक शॉप. नाव घेत नाही, मालक सज्जन माणूस, हातात कसब असं की सुताचाही फरक पडायचा नाही. निकेल अ‍ॅल्युमिनिअम ब्रॉन्झचे ३६ नग करायचे होते. जुलै महिना, लाइट जायची यायची, डिलिव्हरीची तारीख डोक्यावर, म्हणून त्यांच्या पोरानं रात्री बसून सगळे बार कापून टर्निंगला लावले आणि नंबर नंतर पंच करू म्हणाला. सकाळी एकाच नंबराचा पंच ३६ नगांवर मारला. नग दिसायला सुरेख होते, मी हातात घेऊन बघितले, माप तंतोतंत, फिनिश आरशासारखं.

मग धातू ओळखायची गन लावली. ३४ नग बरोबर आले आणि दोन नगांत निकेल जवळजवळ नव्हतंच. त्याच रॅकवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पंपाच्या कामाचा साधा ब्रॉन्झचा बार पडलेला होता, रंग तोच, जाडी तीच, रात्रीच्या अंधारात तो पण कापला गेला. मालक म्हणाले, "साहेब दोन बाजूला काढा, ३४ घ्या." माझं उत्तर त्यांना तेव्हा फार कठोर वाटलं. मी विचारलं, मूळ बार किती आले होते? तीन. तिन्ही एकाच हीटचे होते का? कागद काढले तर दोन वेगळ्या हीट निघाल्या. आता ३४ पैकी कुठला नग कुठल्या हीटचा हे गन सांगत नाही, कारण दोन्हीचं केमिकल स्पेसिफिकेशनमधेच आहे. ताकदीची टेस्ट मात्र हीटवार असते. म्हणजे ३४ नगांवर जो नंबर होता त्यातला काहींवर खरा होता आणि काहींवर खोटा, आणि कुठला खरा ते सांगणारं जगात कुणीच उरलं नव्हतं, पोरगासुद्धा नाही.

सगळे ३६ रिजेक्ट झाले. मालकांनी तिथंच स्टुलावर बसून डोळे पुसले. मी त्या दिवशी रात्री जेवलो नाही. पण आजही तोच निर्णय घेईन.

का घेईन ते सांगतो. १० एप्रिल १९६३ ला अमेरिकेची थ्रेशर नावाची अणुपाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीला गेली आणि १२९ माणसांसकट बुडाली. चौकशीत संशय गेला तो इंजिन रूममधल्या समुद्री पाण्याच्या पाइपच्या एका सांध्यावर, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या पोराच्या फ्लॅंजसारख्याच कामावर. पाइप फुटला असावा, पाण्याच्या फवाऱ्यानं इलेक्ट्रिकल बंद पडलं, रिअ‍ॅक्टर बंद पडला, टाक्यांतलं पाणी हवेनं ढकलून वर यायचं म्हटलं तर हवेतल्या ओलाव्याचं बर्फ होऊन जाळ्या तुंबल्या. आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढं आहे. त्या बोटीत सिल्व्हर ब्रेझिंगचे, म्हणजे चांदीच्या मिश्रधातूनं जोडलेले, सुमारे ३,००० सांधे होते, त्यातले १४५ अल्ट्रासोनिकनं, म्हणजे ध्वनिलहरींनी, तपासले होते आणि १४ टक्के कमी दर्जाचे निघाले होते. हे माहीत असताना उशीर होतोय म्हणून उरलेल्यांची तपासणी थांबवली होती.

त्याच वर्षी अमेरिकेनं सबसेफ नावाची पद्धत सुरू केली. तिचा गाभा एकच, पाणी आत येऊ न देणाऱ्या आणि बोट वर आणणाऱ्या प्रत्येक पार्टसाठी डोळ्यांना दिसणारा पुरावा पाहिजे. "मला खात्री आहे" याला पुरावा म्हणत नाहीत. १९६८ मधे ९९ माणसांसह स्कॉर्पिअन बुडाली, तिला सबसेफचं सर्टिफिकेट नव्हतं. सर्टिफिकेट असलेली एकही बोट आजपर्यंत बुडाली नाही.

माझी सवय अशी. बार शॉपमधे आला की कापायच्या आधी हीट नंबरचा फोटो काढायचा, बारच्या पूर्ण लांबीवर ऑइल पेंटचा एक पट्टा ओढायचा, प्रत्येक कामाला वेगळा रंग. पंच मारताना दोन माणसं, एक नंबर वाचणारा, एक मारणारा. उरलेले तुकडे कुलपाच्या पेटीत. हे कुठल्या स्टँडर्डमधे जसंच्या तसं सापडणार नाही, पण माझ्या सांगण्यावरून ज्यांनी केलं त्यांचा एकही लॉट या कारणानं परत आलेला मला माहीत नाही.

एजंटकडून घेतलेलं क्वालिटी मॅन्युअल

शॉपमधे काम कसं करायचं आणि तपासायचं ते लिहिलेली वही म्हणजे मॅन्युअल. पैसे देऊन ते तयार आणायचं आणि कपाटात ठेवायचं. मी एका ठिकाणी उघडलं तर आत दुसऱ्याच कंपनीचं नाव. मॅन्युअल स्वतः लिहा, मराठीत लिहा, पाच पानांचं असलं तरी चालेल, पण शॉपमधल्या प्रत्येकाला त्यातलं पान न पान माहीत पाहिजे.

गेजचं कॅलिब्रेशन संपलेलं

हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन केलेली तपासणी, पास झाली आणि दाबाचं गेज बरोबर दाखवतं याची, म्हणजे कॅलिब्रेशनची, तारीख दोन महिन्यांपूर्वी गेलेली, मग ती टेस्ट झालीच नाही असं समजा. मी खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडताना प्रत्येक गेज, मायक्रोमीटर, व्हर्नियरचं सर्टिफिकेट शेजारी ठेवायला लावतो. तारीख बघायची, मगच फूल वाहायचं.

कंदी पेढ्यांचा बॉक्स

इन्स्पेक्टरला चहा द्या, पाणी द्या, बसायला सावलीत खुर्ची द्या. बॉक्स देऊ नका. तुमच्या मनात काही नसेल, पण त्याला तो नाकारावा लागतो आणि पहिल्या पाच मिनिटांत दोघंही अवघडतात.

होल्ड पॉइंटच्या पुढं जाणं

कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं ते ठरवणाऱ्या क्वालिटी प्लॅनमधे दोन शब्द असतात आणि लोक ते एकच समजतात. विटनेस म्हणजे आम्हाला कळवा, ठरल्या वेळी आम्ही आलो नाही तर नियमाप्रमाणे पुढं जाता येतं. होल्ड म्हणजे थांबा. आमची सही झाल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

वेल्डची पहिली रन, म्हणजे पहिला थर, झाली, ती तपासायची होती, आणि मी पोचलो तेव्हा वेल्ड पूर्ण भरून, ग्राइंड मारून, वर प्रायमर लावून तयार. "साहेब तुमचा वेळ वाचवला." असं किती जणांनी म्हटलं असेल त्याचा हिशेब नाही. आत काय आहे ते आता मला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही, मग गॉजिंग करून, म्हणजे वेल्ड खरवडून, सगळं काढा आणि परत भरा. परत भरलेल्या ठिकाणी पोलादाला दुसऱ्यांदा उष्णता लागते, त्याचा वेगळा कागद, वेगळी मंजुरी. वाचवलेला अर्धा दिवस तीन आठवडे खाऊन जातो. घाई करणाऱ्या नव्या पोरांना मी एकच करायला लावतो, क्वालिटी प्लॅनच्या कॉपीवर प्रत्येक होल्ड पॉइंटवर लाल पेनानं गोल करा आणि ती कॉपी ऑफिसात न ठेवता मशीनशेजारच्या भिंतीला चिकटवा. आणि इन्स्पेक्शन कॉल टाकायच्या आधी स्वतः तेच चेकिंग एकदा करून बघा, आम्ही आल्यावर पहिल्यांदा माप घेणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

"ही टेस्ट म्हणजे फॉर्मॅलिटी आहे"

एका पोरानं मला विचारलं होतं, अरबी समुद्राचं पाणी कोमट असतं, मग इम्पॅक्ट टेस्ट, म्हणजे दणका देऊन तुकडा मोडून बघायची टेस्ट, शून्याच्या खाली कशासाठी? प्रश्न चांगला आहे, विचारलाच पाहिजे. उत्तर असं की थंडीत पोलाद काचेसारखं वागायला लागतं, आणि शेजारी स्फोट झाला, अचानक दणका बसला तर कोमट पाण्यातही तसंच वागू शकतं. म्हणून थंडीत तपासून बघायचं की त्याच्याकडे चिवटपणा किती शिल्लक आहे.

हा प्रश्न न विचारता ज्यांनी स्वतःच निर्णय घेतला त्यांचं काय झालं ते बघा. अमेरिकेत टॅकोमाच्या एका फाउंड्रीत नौदलाच्या पाणबुड्यांची कॅस्टिंग व्हायची. तिथली मेटलर्जिस्ट १९८५ पासून २०१७ पर्यंत टेस्टचे आकडे बदलत होती, किमान २४० ओतकामांचे. तिचं म्हणणं होतं की उणे १०० फॅरनहाइटला टेस्ट करायची अट मूर्खपणाची आहे. उणे १०० फॅरनहाइट म्हणजे साधारण उणे ७३ सेल्सिअस. २०२२ मधे तिला अडीच वर्षांची शिक्षा झाली, कंपनीनं १ कोटी ९ लाख डॉलर भरले, आणि नौदलाला प्रत्येक बोटीवर कुठलं कॅस्टिंग बसलंय ते शोधत फिरावं लागलं. तीस वर्षं कुणाला कळलं नाही, कारण कागद सुबक होता.

नंबर कमी आला तर कमीच लिहा. डेव्हिएशन, म्हणजे अटीतून सूट, मागायची सोय असते, डिझाइनवाले हिशेब करून कधी कधी हो म्हणतात. मंजुरी मिळाली नाही तर पार्ट जाईल, पण तुम्ही राहाल.

पावसाळ्यात उघडे रॉड

साताऱ्याचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. जूनपासून भिंतींना ओल येते आणि वेल्डिंग रॉडचं पाकीट मात्र उघडं पडलेलं असतं. ७०१८ सारखे लो हायड्रोजन रॉड हवेतली ओल पितात, त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमधे जातो आणि ताकदीच्या पोलादात तडा पाडतो, तो पण लगेच नाही, कधी कधी दुसऱ्या तिसऱ्या दिवशी. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी वेल्डनंतर ४८ तास थांबून अल्ट्रासोनिक करायला सांगतात आणि लोकांना वाटतं उगीच थांबवलंय. रॉड उत्पादकानं सांगितल्याप्रमाणे बेक करायचे, साधारण ३०० ते ३५० डिग्रीला, आणि वेल्डरनं गरम डब्यातून एकेक काढायचा. "उन्हात वाळवले" हे उत्तर मला देऊ नका.

वजन न करणं

हे ऐकून बहुतेक जण माझ्याकडे बघतच राहतात. माप बरोबर आहे ना, मग दोन किलो जास्त झालं तर काय बिघडलं? ट्रकला नाही बिघडत. जहाजालाही थोडं चालतं, जरा खाली बसेल. पाणबुडी मात्र पाण्याखाली जेवढं पाणी बाजूला सारते तेवढंच तिचं वजन पाहिजे, ना कमी ना जास्त. जास्त झालं तर बुडी मारल्यावर वर यायला जड जाणार.

स्पेनच्या एस-८० पाणबुड्यांचं हेच झालं. २०१३ मधे बाहेर आलं की पहिली बोट ७५ ते १०० टनांनी जड होणार आहे. एका हिशेबात दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडलं आणि पुढं कुणी ते तपासलं नाही असं तिथल्याच एका माजी अधिकाऱ्यानं सांगितलं होतं. मग अमेरिकेतून सल्लागार आणले, ७१ मीटरची बोट सुमारे ८१ मीटर केली म्हणजे जास्त पाणी सारेल, तर कार्ताहेनाच्या तळावर तिच्यासाठी धक्क्याचंच काम काढावं लागलं. पहिली बोट नौदलात यायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. डिझाइन गोठवायच्या आधी बांधायला घेतलं आणि वजनाची वही रोज भरली नाही की असं होतं. सरकारी देखरेख करणाऱ्यांचीही ही चूक आहे, फक्त बांधणाऱ्यांची नाही, कारण ती वही मागायचं काम त्यांचं होतं.

तुम्ही काय करायचं? एक चांगला काटा घ्या. ड्रॉइंगवर वजन लिहिलेलं असतं, शेजारी पेन्सिलीनं खरं वजन लिहा, प्रत्येक नगाचं. फरक दिसला तर कुणी विचारायच्या आधी कळवा.

"होतंय साहेब, होतंय"

आता ही शेवटून दुसरी, पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागणारी. फोन केला की "होतंय". पुढच्या आठवड्यात "पॅकिंग चाललंय". प्रत्यक्षात कॅस्टिंग अजून फाउंड्रीतून आलेलंच नसतं. तुमचं "होतंय" यार्डाच्या चार्टवर हिरवा चौकोन होतं, यार्डाचे हिरवे चौकोन मंत्रालयाच्या बैठकीत जातात, आणि मग अचानक एका दिवशी सगळं लाल. खोटी तारीख ही खोट्या हीट नंबराइतकीच वाईट आहे.

आपल्या प्रोजेक्ट ७५ चं बघा. ऑक्टोबर २००५ मधे सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार, पहिली २०१२ ला मिळायची होती, आणि कलवरी नौदलात दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ ला. खांदेरी २०१९, करंज आणि वेला २०२१, वागीर २०२३, आणि सहावी वागशीर १५ जानेवारी २०२५ ला. उशिराची कारणं पुष्कळ होती, त्यात सामान वेळेवर न येणं हे मोठं कारण होतं. खांदेरी हे नाव ऐकलं की माझी छाती आजही भरून येते, पण त्या नावाची बोट उशिरा आली ही खंतही मनातून जात नाही.

याच्या मागची चूक आणखी जुनी आहे आणि ती तुमची माझी नाही, धोरण ठरवणाऱ्यांची आहे. माझगाव डॉकनं जर्मन डिझाइनच्या दोन पाणबुड्या बांधल्या होत्या, शाल्की १९९२ ला आणि शंकुल १९९४ ला. करारावरून आरोप झाले, पुढचं काम थांबलं, आणि तिथून कलवरीपर्यंत २३ वर्षं एकही नवी पाणबुडी तिथून नौदलात आली नाही. जाड पोलादाचं वेल्डिंग शिकलेली माणसं रिटायर झाली, दुसरीकडं गेली. इंग्लंडचंही तेच झालं, व्हॅन्गार्ड बोटींनंतर मधे खंड पडला आणि अ‍ॅस्ट्यूट बांधताना अमेरिकेतून माणसं बोलवावी लागली. आरोपांची चौकशी जरूर करा, दोषीला शिक्षा करा, पण लाइन बंद ठेवू नका. वेल्डरचा हात सुटला की तो परत बसायला वर्षं जातात, हे आपल्याकडच्या कुठल्याही फोरमनला विचारा.

म्हणून उशीर होणार असेल तर तो समजेल त्या दिवशी लेखी कळवा. किती दिवस, कशामुळं, तुम्ही काय करताय, तीन ओळी पुरतात. आज शिव्या बसतील, मला मान्य आहे. पण वर बसलेल्या माणसाला दुसरीकडून सोय करायला वेळ मिळतो.

ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर

कोटेशनसाठी कुपवाडच्या मित्राला ड्रॉइंगचा फोटो पाठवला, त्यानं मिरजेच्या मित्राला, आणि संध्याकाळपर्यंत पाणबुडीचा व्हॉल्व्ह सात फोनमधे. ऑगस्ट २०१६ मधे स्कॉर्पिनची २२,४०० पानं बाहेर फुटल्याची बातमी आली तेव्हा सगळा देश हादरला होता, आणि आपण तेच एकेक पान करून करतोय. ज्या पोराचं मी सुरुवातीला सांगितलं त्याच्या फोनवरही असे चार फोटो निघाले. मी त्याला तिथंच बसवून डिलीट करायला लावले, ज्यांना पाठवले होते त्या प्रत्येकाला फोन करून त्यांच्याकडचे काढायला सांगितले, झाल्या प्रकाराचं पत्र ऑर्डर देणाऱ्यांना लिहायला लावलं, आणि ड्रॉइंगसाठी एक लोखंडी कपाट आणि एक रजिस्टर करून दिलं, कुणी घेतलं, किती वाजता, परत कधी. रजिस्टरमधली पहिली सही त्याची आहे. मगच आम्ही फ्लॅंजच्या बारकडे वळलो, आणि बार अजून कापलेला नव्हता.